ताश्कोच्या चांदीला घाट देणारा कलावंत

मेक्सिकोतील ताश्को या डोंगरउतारावरच्या गावात सोळाव्या शतकापासून चांदीच्या खाणी होत्या. पण ती चांदी गावाला क्वचितच लाभली. स्पॅनिश अमलात ती बाहेर जात राहिली आणि पुढे खाणींना उतरती कळा लागल्यावर गावाच्या वाट्याला दारिद्र्य आले. हे चित्र पालटण्याचे श्रेय प्रामुख्याने विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकी कलावंताकडे जाते.

१९०० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले स्प्रॅटलिंग न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात वास्तुकला शिकवीत. कादंबरीकार विल्यम फॉकनर हे तेथे एकाच घरात राहणारे त्यांचे स्नेही. १९२९ मध्ये स्प्रॅटलिंग मेक्सिकोत आले आणि ताश्कोत स्थिरावले. १९३१ मध्ये त्यांनी जवळच्या इगुआला शहरातून सोनार आणून छोटी कार्यशाळा सुरू केली.

प्रश्न होता घाटाचा. युरोपीय दागिन्यांची नक्कल करण्याऐवजी ते स्पॅनिश आक्रमणापूर्वीच्या संस्कृतींकडे वळले. उत्खननांतून मिळालेल्या मूर्ती, मातीचे ठसे यांचा त्यांना ध्यास होता. त्या ठशांवरचे नाग, जग्वार आणि भौमितिक आकृतिबंध त्यांनी कंकणे, ब्रोच आणि कंठहारांत उतरवले. चांदीला अ‍ॅमेथिस्टची आणि स्थानिक लाकडाची जोड दिली. जुन्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती न करता तिचे मर्म आधुनिक दागिन्यात आणणे, हे त्यांचे वैशिष्ट्य ठरले.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातून अमेरिकेत येणारा माल थांबला आणि ताश्कोच्या दागिन्यांना प्रचंड मागणी आली. कारागिरांची संख्या शेकडोंवर गेली. मात्र विस्तारासाठी बाहेरचे भांडवल घेताना कंपनीचा ताबाच हातून निसटला. १९४५ मध्ये ते तिच्यापासून दूर झाले आणि लवकरच ती बुडाली. गावाबाहेरच्या आपल्या मळ्यावर त्यांनी पुन्हा नव्याने काम मांडले.

त्यांच्याकडे उमेदवारी केलेले अंतोनियो पिनेदा, कास्तियो बंधू यांनी पुढे स्वतःच्या कार्यशाळा थाटल्या. व्यापाराच्या हिशेबात हे प्रतिस्पर्धी. गावाच्या हिशेबात मात्र तीच खरी कमाई होती. एका माणसाची कंपनी बुडाली तरी गावाचा धंदा तरला, तो या शिष्यांमुळे.

ऑगस्ट १९६७ मध्ये मोटार अपघातात स्प्रॅटलिंग यांचे निधन झाले. त्यांनी जमवलेल्या प्राचीन वस्तू ताश्कोत त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आहेत आणि चांदीचे दागिने ही आजही या गावाची ओळख आहे.