पंडिता रमाबाई : दया आणि मनःस्वास्थ्य

मराठवाड्यात दुष्काळ म्हणजे काय हे कोणास सांगावे लागत नाही. ज्या घरांतील वडीलधारी माणसे १९७२ साली खडी फोडावयास गेली, त्या घरांत सुकडीच्या व तांबड्या मिलोच्या गोष्टी अद्यापि निघतात. भुकेने शरीर झिजते हे सर्वांस दिसते. परंतु आप्तजन डोळ्यांदेखत गेल्यावर मागे उरलेल्याच्या मनाचे काय होते, याचा विचार फार थोडे लोक करतात. अशाच एका मागे उरलेल्या मुलीचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनरीतीस न जुमानता पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने तीच विद्या मुलीस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगून निर्वाह करी. पुढे दुष्काळ आला. घरातील पैसा, भांडीकुंडी, सर्व गेले. मरावयाचेच तर अरण्यात मरावे म्हणून सर्वजण रानात शिरले आणि तेथे अकरा दिवस त्यांनी पाला व पाणी यांवर काढले. १८७४ साली वडील वारले, मागोमाग आई व थोरली बहीण. आईची तिरडी उचलावयास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः पुढे होऊन खांदा दिला. उंची कमी म्हणून तो भार त्यांस डोक्यावर घ्यावा लागला. तेव्हा त्या आमच्या शाळेतील वरच्या वर्गांतल्या मुलींएवढ्याच होत्या! त्यानंतर बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या पायी उत्तरेस गेल्या. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ही भावंडे निजत.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीही गेले. रमाबाई तेवीस वर्षांच्या, आणि कन्या मनोरमा एक वर्षाचीही नव्हती.

एवढे आघात सोसलेल्या माणसाने कोपऱ्यात बसून राहावे, हे आम्हांस अस्वाभाविक वाटले नसते. रमाबाई बसल्या नाहीत. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर असाव्यात अशी मागणी केली.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथे असता त्यांच्यासमवेत गेलेल्या आनंदीबाई भगत यांच्या मनाचा तोल ढळून त्यांचा अंत झाला. चरित्रकार हा प्रसंग पुष्कळदा दोन ओळींत उरकतात. आम्हांस तो उरकावासा वाटत नाही. दोघी एकाच जहाजाने गेलेल्या, दोघींसही परका देश, आणि एकीचे मन त्या भाराखाली मोडले. कोणते मन केव्हा मोडेल हे शेजारी बसणाऱ्यासही कळत नाही. आपल्या वर्गात गप्प झालेल्या सोबत्याकडे पाहताना आमच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

त्याच देशात रमाबाईंनी लंडनजवळ फुलम येथे भगिनीमंडळाचे काम पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांशी त्या भगिनी मायेने वागत, आणि त्या मायेनेच पुष्कळ जणी पुन्हा ताठ मानेने उभ्या राहत. अशी दया कोठून येते असे त्यांनी विचारले असता एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस वाचून दाखविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

अमेरिकेतून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. त्याची पहिली विद्यार्थिनी म्हणजे बालविधवा गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. वाद, बहिष्कार, टीका यांचा येथे विस्तार करीत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या व सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांस जागा मिळेना, म्हणून केडगाव येथील शेतात आसरा उभारला. तेच मुक्ती सदन. ज्यांनी रानात पाला खाल्ला होता त्यांस या मुलींच्या डोळ्यांतील भीती ओळखावयास वेळ लागला नाही. या मुलींस आजार होते, शिस्त ठाऊक नव्हती. रमाबाईंनी शारदा सदनातील जुन्या मुलींकडे त्यांचा सांभाळ दिला. ही योजना आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. कारण कालपर्यंत जिची इतरांनी कीव केली, तीच आज कोणाचा तरी आधार झाली. पुढे फसलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, अंधांसाठी बार्तीमी सदन, वृद्ध व दुर्बलांसाठी प्रीतिसदन अशी घरे झाली. छापखाना, विणकाम, शेती अशी कामेही होती. रिकामे हात दुःख घट्ट धरून बसतात, हे त्यांनी स्वतः अनुभवले असावे.

दया हे डॉक्टरच्या औषधाऐवजी घेण्याचे औषध नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. मन आजारी पडल्यास ज्वराप्रमाणेच त्यावरही उपचार करावेत. त्यात लाज नाही. आणि रमाबाईंचे दुःख सेवेने पुसले गेले असेही आम्ही म्हणत नाही. मनोरमेने अंधांस ब्रेल शिकविले. १९१२ साली गुलबर्ग्यास, म्हणजे तेव्हाच्या ज्या निजामी राज्यात आपली परभणी होती त्याच राज्यात, मुलींची शाळा काढली. ती मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. तेव्हा रमाबाईंस ऐकूही कमी येत होते. त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर पुढे चालू ठेवले, आणि ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. मुक्ती सदनाचे दार आजही उघडे आहे.