निसर्ग बघायला शिकवणाऱ्या अ‍ॅना कॉमस्टॉक



पावसाळ्यात मूल अंगणात उकिडवं बसून गोगलगाय बघत असतं आणि एकदम विचारतं, हिचे डोळे कुठे असतात? खरं सांगा, तुम्हाला उत्तर येतं का? मला तरी येत नव्हतं. अशा वेळी आपण बहुतेकजण एक तर काहीतरी ठोकून देतो, नाहीतर गृहपाठ झाला का, असं विचारून विषय बदलतो. दोन्हींत मुलाचा प्रश्न तिथेच मरतो.

मोठ्या माणसाला उत्तर येत नसलं तरी मुलाचा प्रश्न जिवंत राहावा, म्हणून अमेरिकेतल्या एका शिक्षिकेने १९११ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. पुस्तकाचं नाव 'हँडबुक ऑफ नेचर स्टडी', म्हणजे निसर्गअभ्यासाची मार्गदर्शिका. लिहिणाऱ्या बाई अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक. आज त्यांची ओळख करून घेऊया, आणि हे पुस्तक घरी कसं वापरायचं तेही बघूया.

आईने दाखवलेलं आकाश

अ‍ॅनाचा जन्म १ सप्टेंबर १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑटो नावाच्या गावी झाला. वडील शेतकरी. अ‍ॅना त्यांची एकुलती एक मुलगी. आई काही शास्त्र शिकलेली नव्हती, पण तिला रानातली फुलं ओळखता यायची, रात्री आकाशातले तारकासमूह दाखवता यायचे. मुलीचा हात धरून ती हे सगळं दाखवत फिरायची. अ‍ॅनाबाईंची निसर्गाची पहिली शाळा ही अशी घरातच भरली. पुढे त्यांनी जे काही केलं, त्याचं मूळ इथे आहे, हे लक्षात ठेवा.

१८७४ साली अ‍ॅना कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेली. तिथे कीटकशास्त्र शिकवणारे तरुण शिक्षक जॉन हेन्री कॉमस्टॉक यांच्याशी ओळख झाली आणि १८७८ मध्ये लग्न. शिक्षण मध्येच सुटलं होतं, ते तिने लग्नानंतर पूर्ण केलं आणि १८८५ मध्ये पदवी घेतली.

नवऱ्याच्या पुस्तकांना कीटकांची चित्रं हवी होती. ती अ‍ॅनाबाई काढू लागल्या. नुसती चित्रं काढून भागेना, म्हणून लाकडावर कोरून ठसे बनवण्याची कलाही त्या रीतसर शिकल्या. आता विचार करा, पतंगाच्या पंखावरची एकेक रेघ लाकडावर कोरायची तर किती वेळ त्या पंखाकडे बघावं लागत असेल! बारकाईने बघण्याची सवय त्यांच्या हातालाच लागली.

ज्यांना शिकवायचं त्यांनाच येत नव्हतं

१८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. न्यूयॉर्क राज्यातली शेती तोट्यात गेली, खेड्यांतली तरुण मुलं शहराकडे जाऊ लागली. यावर उपाय शोधायला एक समिती नेमली गेली. मुलांना लहानपणापासूनच आपल्या शेताची, रानाची गोडी लागली तर ती गावात टिकतील, असा विचार पुढे आला. मग काही शाळांत निसर्गअभ्यासाचे धडे सुरू झाले. अ‍ॅनाबाई या कामात पहिल्यापासून होत्या.

पण अडचण लगेच समोर आली. शिक्षकांना हा विषय कुणी शिकवलेलाच नव्हता! आपल्याकडे नवा अभ्यासक्रम आला की आपली जी अवस्था होते, तीच त्यांची झाली. मग कॉर्नेल विद्यापीठाने शिक्षकांसाठी छोटी पत्रकं काढायला सुरुवात केली. अ‍ॅनाबाईंनी वर्षानुवर्षं असे धडे लिहिले, राज्यभर हिंडून शिक्षकांचे वर्ग घेतले.

त्यांच्या स्वतःच्या वाट्याला मात्र विद्यापीठात काय आलं? १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना सहायक प्राध्यापक नेमलं गेलं. कॉर्नेलमध्ये हे पद मिळालेली ही पहिलीच स्त्री. पण बाईमाणसाला प्राध्यापक म्हणायला विश्वस्तांमधल्या काहींची हरकत होती. थोड्याच काळात पद काढून घेतलं गेलं आणि त्या पुन्हा नुसत्या व्याख्याता झाल्या. ते पद परत मिळायला १९१३ साल उजाडलं, आणि पूर्ण प्राध्यापकपद मिळालं १९२० मध्ये, वयाच्या पासष्टीच्या पुढे.

मधली ही सगळी वर्षं त्या काम करतच राहिल्या. त्यांचं सर्वांत मोठं पुस्तक याच काळातलं आहे. पत्रकांतले धडे एकत्र करून, वाढवून त्यांनी हँडबुक तयार केलं. एवढ्या जाड पुस्तकात पैसे बुडतील अशी धास्ती घरच्यांनाच होती. झालं उलटंच. त्याच्या चोवीसहून जास्त आवृत्त्या निघाल्या, आठ भाषांत भाषांतरं झाली. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या हयात असलेल्या बारा थोर स्त्रियांची जी यादी निघाली, तिच्यात अ‍ॅनाबाईंचं नाव होतं. निवृत्तीनंतरही त्या शिकवत राहिल्या. २४ ऑगस्ट १९३० रोजी त्या गेल्या.

पुस्तकात आहे तरी काय?

पहिला भाग शिक्षकांसाठी आहे, हा विषय शिकवायचा कसा यावर. मग प्राणी, वनस्पती, आणि शेवटी जमीन व आकाश. प्रत्येक धड्यात आधी मोठ्यांसाठी माहिती आणि नंतर मुलांसाठी निरीक्षणाचे प्रश्न असतात. मुख्य गंमत या प्रश्नांतच आहे. उत्तरं मुलाने त्या प्राण्याकडे, त्या झाडाकडे बघून शोधायची.

पक्ष्यांचा भाग सुरू होतो तो साध्या कोंबडीपासून. का? तर ती सहज बघायला मिळते म्हणून. तिची पिसं छपरावरच्या कौलांसारखी एकावर एक कशी बसलेली असतात, पाऊस आला की ती शेपटी कशी धरते, चोचीने पिसं साफ करताना तेल कुठून घेते, हे सगळं मुलाने स्वतः बघायचं.

शिक्षकाला एखादी गोष्ट येत नसेल तर त्याने तसं मोकळेपणी कबूल करावं आणि मुलांबरोबर शोधायला लागावं, असं बाईंनी स्पष्ट लिहून ठेवलंय. मला वाटतं, या पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

घरी कसं वापरायचं?

पुस्तक इंग्रजीत आहे आणि जुनी आवृत्ती मोफत वाचायला मिळते. पण पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, आणि मुलांना तर मुळीच वाचून दाखवू नका! ते आपल्यासाठी आहे.

अमेरिकेतले पक्षी आणि झाडं आपल्याकडे नाहीत, म्हणून ती पानं सरळ सोडून द्या. गांडूळ, गोगलगाय, मुंगी, कोळी, मांजर, कोंबडी, ओढा, चंद्र हे धडे मात्र आपल्या दारातलेच आहेत. सप्तर्षी आणि मृग नक्षत्रही त्यात आहेत.

आठवड्यातून एक दिवस ठरवा. आदल्या रात्री धडा तुम्ही वाचा. दुसऱ्या दिवशी त्यातले दोनतीनच प्रश्न मुलाला विचारा. दहापंधरा मिनिटं पुरेत. उत्तर तोंडावर आलं तरी गिळा! आठ दिवस लागले तरी चालतील, पण ते मुलालाच सापडू द्या.

मुलाला एक वही द्या. त्यात त्याने काय बघितलं ते लिहावं, चित्र काढावं. ही वही मुलाची स्वतःची असते, हा बाईंचा आग्रह होता. म्हणून तिच्यात लाल पेन चालवू नका, ऱ्हस्व-दीर्घ काढू नका. परिसर अभ्यासाची परीक्षा शाळेत होतेच की.

पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचं असल्याने काही माहिती जुनी झाली आहे, ती पडताळून घ्या. आणि बघण्याच्या नादात रानातले पक्षी-प्राणी पकडून घरात ठेवू नका. त्यांच्यासाठी आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

ऑटो गावातल्या त्या शेतकरी आईकडे कुठलंच हँडबुक नव्हतं. ती मुलीबरोबर बाहेर पडायची, थांबायची आणि दाखवायची. तेवढं तर आपल्यालाही जमेल ना?

आणि हो, गोगलगायीचे डोळे कुठे असतात ते मी इथे मुद्दाम सांगत नाही. पुढच्या पावसात एक भिंग घ्या आणि मुलाशेजारी उकिडवे बसा. काय दिसलं ते नक्की कळवा.