लोकमान्यांचा मधुमेह

लोकमान्य टिळक म्हटलं की आपल्याला पगडी आठवते, 'केसरी' आठवतो आणि आपल्या आदिलाबादेत गल्लोगल्ली बसणारे सार्वजनिक गणपती आठवतात. त्यांचं स्वराज्याबद्दलचं वाक्य तर शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण या माणसाने आयुष्यातली मोठी कामं केली ती मधुमेह सोबत घेऊन, आणि त्या काळी या रोगावर खात्रीचं औषध जगात कुठेच नव्हतं. लोकमान्यांच्या चरित्राची ही बाजू फारशी सांगितली जात नाही, म्हणून हा लेख.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. लहानपणी तब्येत बेताचीच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी पहिलं वर्ष पुस्तकांपेक्षा तालमीला जास्त दिलं. व्यायाम, कुस्ती, पोहणं, असा त्यांचा दिनक्रम. बरोबरीची मुलं हसली असतील, पण पुढे तुरुंगवास सोसायला तीच शिदोरी कामी आली. १८८० साली त्यांनी मित्रांसोबत न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' सुरू केले. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली. वर्षभराने सुटले तेव्हा वजन फार घटलेलं होतं.

२२ जुलै १९०८ ला पुन्हा राजद्रोहासाठी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना बावन्न वर्षं पूर्ण होणार होती, आणि मधुमेह तर आधीच जडला होता. पुढे सरकारने शिक्षेचं रूप बदलून साधी कैद केली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात पाठवलं. लाकडी गजांची पिंजऱ्यासारखी खोली, उन्हाळ्यात अंगाची लाही, थंडीत बोचरा वारा. अशा ठिकाणी मधुमेही माणूस सहा वर्षं टिकणार कसा, हाच खरा प्रश्न होता.

त्या वेळी डॉक्टरांच्या हाती काय होतं ते बघा. मधुमेहाचा संबंध पोटातल्या स्वादुपिंडाशी आहे हे १८८९ साली जर्मनीत कुत्र्यावरच्या प्रयोगातून कळलं होतं. लघवीतली साखर तपासता येत होती. पण ती कमी करायचा उपाय एकच, तो म्हणजे ताटातलं अन्न बदलणं. टिळकांनी तेच केलं. भाताला फाटा दिला आणि जवाच्या पिठाच्या पदार्थांवर भर दिला. त्यांचं जेवण रांधायला कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदीच दिलेला होता. गंमत अशी, की प्रमेहाच्या रोग्याने मुख्यतः जव खावेत हे आपल्या चरकसंहितेतही सांगितलेलं आहे. आज आपण समजू शकतो की जवात तंतू भरपूर असतात, त्यामुळे रक्तातली साखर सावकाश चढते.

असं पथ्य आठवडाभर पाळणंही आपल्याला जड जातं. त्यांनी वर्षानुवर्षं पाळलं, तेही बंदिवासात. त्याच खोलीत नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या काळात त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं. जून १९१२ मध्ये पुण्यात पत्नी सत्यभामाबाई वारल्या. शेवटची भेटसुद्धा झाली नाही. त्या दुःखातही त्यांनी आपला नेम मोडू दिला नाही. जून १९१४ मध्ये सुटून आले ते हातपाय गाळून बसले नाहीत. १९१५ साली ग्रंथ छापून निघाला, १९१६ साली होमरूल लीग आणि लखनौचा करार झाला, मग गावोगावचे दौरे, आणि १९१८ साली थेट विलायत.

जुलै १९२० मध्ये मुंबईत सरदारगृहात मुक्कामाला असताना त्यांना ताप भरला, पुढे न्यूमोनिया झाला, आणि १ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर ते गेले. वय चौसष्ट. मधुमेहात साखर आवाक्याबाहेर गेली की शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी होते, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा इन्सुलिन नव्हतं, पेनिसिलिनही नव्हतं.

आता योग बघा. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० च्या रात्री दोनच्या सुमाराला, कॅनडातल्या फ्रेडरिक बँटिंग नावाच्या तरुण डॉक्टरने स्वादुपिंडातून औषध काढायची एक कल्पना वहीत टिपून ठेवली. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि तो वाचला. पेटंटचे हक्क संशोधकांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले.

मित्रांनो, या चरित्रातून चुकीचा धडा घेऊ नका. टिळक जवावर राहिले म्हणून आपल्या आजोबांनी गोळ्या बंद करून सातूचं पीठ खावं, असा याचा अर्थ नाही. टिळकांचा मधुमेह आज आपण टाईप २ म्हणतो तसलाच असावा, म्हणून निव्वळ पथ्यावर ते इतकी वर्षं काढू शकले. ज्या लहान मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनतच नव्हतं, त्यांना तेव्हा कुठलंच पथ्य वाचवू शकलं नाही. टिळकांसमोर दुसरा उपायच नव्हता. आपल्यासमोर आहे. आपल्या आदिलाबादेत रिम्स आहे, रक्ततपासणी आहे. हार्मोनचा तज्ज्ञ गाठायचा तर नागपूर किंवा हैदराबादची गाडी आहे. तो प्रवास गरिबाला परवडत नाही हे खरं, पण निदान साधी तपासणी आणि रोजची गोळी तरी चुकवू नये.

आणि पथ्य? ते गोळीसोबत आजही लागतंच. पेनगंगेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, आपल्या घरात ज्वारीची भाकरी आहेच. या गणपतीत मोदकांचं ताट समोर आलं की घरातल्या मधुमेही माणसाला आग्रह करू नका. ज्यांनी हा उत्सव चौकात आणला, त्यांनाही गोड जपूनच खावं लागत होतं.