रॉबर्ट हुक: ॲनिमेशनमधल्या कापडामागचा माणूस

ॲनिमेशनपटात पात्राने हात वाकवला की शर्टाला कोपरावर चुण्या पडतात. बहुतेक वेळा त्या कुणी एकेक करून काढत नाही, कॉम्प्युटर गणित करून ठरवतो. त्या गणिताच्या मुळाशी जो नियम आहे, तो आपण कॉलेजात शिकलोय: हुकचा नियम.

रॉबर्ट हुकचा जन्म १६३५ चा, इंग्लंडच्या आईल ऑफ वाइट बेटावरचा. तेराव्या वर्षी वडील गेले. पुढे ऑक्सफर्डला त्याने रॉबर्ट बॉईलसाठी हवेचा पंप बनवला. १६६२ पासून रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवणं हे त्याचं कामच झालं. १६६५ मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक आलं. बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना ‘सेल’ हे नाव त्यानेच दिलं.

१६७५ मध्ये हायगेन्सने स्प्रिंगचं घड्याळ जाहीर केलं. ही कल्पना आपली आणि जुनी, असं हुकचं म्हणणं होतं; पण त्याने ती छापलेली नव्हती. पुढच्याच वर्षी त्याने स्प्रिंगचा नियम एका लॅटिन वाक्यात मांडला आणि त्यातली अक्षरं वर्णक्रमाने लावून छापली. आजच्या भाषेत, आधी फक्त हॅश प्रसिद्ध केला! उलगडा १६७८ मध्ये: स्प्रिंग जितकी ताणाल, तितक्या प्रमाणात ती मागे खेचते.

आता कापड बघू. सॉफ्टवेअरमध्ये कापड म्हणजे बिंदूंची जाळी समजा. शेजारचे बिंदू स्प्रिंगने जोडायचे. तिरप्या स्प्रिंगा कापड तिरकं ओढलं जाण्याला विरोध करतात, एक बिंदू सोडून जोडलेल्या स्प्रिंगा वाकण्याला. दर क्षणी प्रत्येक स्प्रिंग किती ताणली ते मोजायचं, बल काढायचं, बिंदू हलवायचे. स्प्रिंग फार कडक आणि वेळेची पावलं मोठी असतील, तर साध्या पद्धतीत कापडाच्या चिंधड्या उडतात. १९९८ मध्ये बॅराफ आणि विटकिन यांनी मोठी पावलं टाकूनही कापड स्थिर ठेवणारी पद्धत मांडली.

गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून हुकचं न्यूटनशी बिनसलं, ते कायमचंच. १७०३ मध्ये हुक वारला आणि त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हुकचं खात्रीचं म्हणावं असं एकही चित्र आज उरलेलं नाही. आपलं श्रेय जाऊ नये म्हणून ज्याने अक्षरांचं कोडं छापलं, त्याचा चेहराही आपल्याला माहीत नाही. नियमाला नाव मात्र त्याचंच राहिलं.