चीनमध्ये आजही ओळखले जाणारे सोलापूरचे सर्जन डॉ. कोटणीस कोण होते?

बॉम्बच्या तुकड्याने मांडीतली रक्तवाहिनी फाटली, तर आज व्हॅस्क्युलर सर्जन ती शिवून पाय वाचवू शकतात. १९४० साली युद्धभूमीवर बहुतेक वेळा ती बांधून रक्त थांबवायचं, एवढंच हातात असायचं. रक्त पोहोचलं नाही की पाय कापावा लागायचा. त्याच काळात सोलापूरचा जेमतेम तिशीतला एक सर्जन चीनच्या युद्धात जखमींवर ऑपरेशन्स करत होता.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. डॉक्टर झाले मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं आणि चिनी सेनानी चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये, पाच डॉक्टर निघाले: अटल, बसू, मुखर्जी, नागपूरचे चोळकर आणि कोटणीस.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. परतायला याहून मोठं कारण कुठलं? तरी कोटणीस थांबले.

काम सोपं नव्हतं. औषधं कमी, अँटिबायोटिक्स नाहीतच. त्याच भागात काम करणारे कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून यांचं ऑपरेशन करताना बोट कापलं, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. हे माहीत असूनही कोटणीस तिथेच राहिले. १९४० च्या एका मोठ्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता ऑपरेशन्स केल्याचं सांगितलं जातं. पुढे बेथून यांच्याच नावाच्या हॉस्पिटलचे ते संचालक झाले, चिनी भाषा शिकले, नवे डॉक्टर घडवू लागले.

१९४१ मध्ये नर्स गुओ चिंगलान यांच्याशी लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

पण कोटणीस यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. सोबत गेलेले चौघे मात्र मायदेशी परतले.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला, म्हणून नाव तरी घराघरात पोहोचलं. यिनहुआही मेडिकलला शिकत असताना ऐन तारुण्यात गेला. गुओ चिंगलान नंतर अनेकदा भारतात आल्या. २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं. सोलापुरातल्या कोटणीसांच्या घरात आज त्यांचं स्मारक आहे.