रोबेर्तो रोस्सेलिनी

रोबेर्तो रोस्सेलिनी (८ मे १९०६, रोम – ३ जून १९७७, रोम) हे इटालियन चित्रपट दिग्दर्शक, पटकथाकार व निर्माते होते. चित्रपटातील नववास्तववादाचे ते एक प्रमुख प्रवर्तक मानले जातात. जगन्मान्यता लाभल्यानंतर, आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी मुख्यतः दूरचित्रवाणीसाठी काम केले.

पूर्वायुष्य व चित्रपट

रोस्सेलिनी यांच्या वडिलांचा बांधकामाचा व्यवसाय होता. त्यांनी रोममध्ये चित्रपटगृह बांधल्याने रोबेर्तो यांना बालपणापासून चित्रपट पाहता आले. दुसऱ्या महायुद्धाचा शेवट होत असताना, कच्च्या फिल्मचाही तुटवडा असलेल्या काळात, त्यांनी ‘रोम, ओपन सिटी’ (१९४५) चित्रित केला. त्यास १९४६ साली कान महोत्सवात पारितोषिक मिळाले. ‘पाइझा’ (१९४६) आणि ‘जर्मनी, इयर झीरो’ (१९४८) हे त्यांचे युद्धविषयक चित्रपटही गाजले.

१९५० साली त्यांनी अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमन यांच्याशी विवाह केला. ‘स्ट्रॉम्बोली’ (१९५०), ‘युरोप ’५१’ (१९५२) व ‘जर्नी टू इटली’ (१९५४) या दोघांच्या चित्रपटांना पुढे समीक्षकांनी गौरविले. परंतु त्या काळी ते चालले नाहीत व निर्मात्यांचा विश्वास उडाला.

भारतातील वास्तव्य

पंडित नेहरूंच्या सहकार्याने रोस्सेलिनी १९५६च्या अखेरीस भारतात आले. मुंबईतील मुक्कामात सोनाली दासगुप्ता यांच्याशी त्यांचे प्रेमसंबंध जुळले. सोनाली विवाहित असल्याने वृत्तपत्रांत मोठे वादळ उठले. भारतातील चित्रीकरणातून ‘इंडिया: मातृभूमी’ (१९५९) हा चित्रपट सिद्ध झाला; त्याचबरोबर इटलीच्या ‘राय’ या सरकारी दूरचित्रवाणी संस्थेसाठी दहा भागांची माहितीपर मालिकाही तयार झाली. दूरचित्रवाणीचा त्यांचा हा पहिला महत्त्वाचा अनुभव होय.

दूरचित्रवाणीकडे

‘जनरल देल्ला रोव्हेरे’ला (१९५९) व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह विभागून मिळाला. तथापि ‘वानिना वानिनी’च्या (१९६१) संकलनावरून त्यांचा निर्मात्याशी तीव्र वाद झाला. पुढे त्यांनी चित्रपटमाध्यम मृत झाल्याचे जाहीर केले. तारे-तारकांची लोकप्रियता आणि तिकीटखिडकीचा हिशेब यांतून सुटून इतिहास व विज्ञान सामान्य घरांपर्यंत नेणे, हा त्यांचा नवा संकल्प होता. ‘लोहयुग’ ही मालिका त्यांनी लिहिली. तिचे दिग्दर्शन त्यांचे पुत्र रेन्झो यांनी केले.

फ्रेंच दूरचित्रवाणीसाठी केलेला ‘चौदाव्या लुईचा सत्ताग्रहण’ (१९६६) हा या पर्वातील सर्वांत नावाजलेला चित्रपट होय. पोशाख, भोजनविधी आणि दरबारी शिष्टाचार यांच्या जोरावर तरुण राजा सरदारांना कसा अंकित करतो, हे त्यात दाखविले आहे. राजाची भूमिका करणारे झाँ-मारी पात हे हौशी नट होते. संवाद पाठ होत नसल्याने ते फळ्यावर लिहिलेले संवाद वाचीत. त्यामुळे त्यांच्या नजरेत आलेला ताठरपणा भूमिकेला शोभून गेला.

पुढे त्यांनी ‘प्रेषितांची कृत्ये’ (१९६९), ‘सॉक्रेटिस’ (१९७१), ‘ब्लेझ पास्कल’ (१९७२) आणि ‘कार्तेसियस’ (१९७४) या कलाकृती केल्या. दूरनियंत्रित झूम भिंगामुळे एकच दृश्य दीर्घकाळ अखंड चित्रित करता येई. त्यातून वेळ व पैसा वाचे.

या स्वातंत्र्याला मर्यादाही होत्या. खर्चाची तरतूद तुटपुंजी असे आणि नाट्यमयता टाळल्याने अनेकांना या कलाकृती रुक्ष वाटत. शिवाय चित्रपटगृहाशी त्यांचे नाते पूर्णपणे तुटले नाही; ‘मसीहा’ (१९७५) हा त्यांचा अखेरचा कथापट चित्रपटगृहासाठीच होता.

निधन

मे १९७७ मध्ये रोस्सेलिनी कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते. त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार ताविआनी बंधूंच्या ‘पाद्रे पाद्रोने’ला मिळाला. हा चित्रपट ‘राय’ने दूरचित्रवाणीसाठी निर्माण केला होता. महोत्सव संपल्यावर आठवडाभरातच हृदयविकाराच्या झटक्याने रोम येथे रोस्सेलिनी यांचे निधन झाले. कार्ल मार्क्स यांच्यावरील त्यांचा नियोजित चित्रपट अपुराच राहिला.