हरिभाऊंच्या अपूर्ण कादंबऱ्या : एक चरित्रात्मक वाचन

हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांची ओळख आपल्या पदव्युत्तर अध्यापनात बहुधा ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि ‘उषःकाल’ या दोन कृतींपुरती मर्यादित राहते. त्यांच्या सर्व कादंबऱ्या लेखनक्रमाने वाचल्या, की या परिचयातून निसटलेली एक बाब समोर येते. त्यांपैकी अनेक कादंबऱ्या अपूर्ण आहेत. या अपूर्णतेचा संबंध त्यांच्या जीवनक्रमाशी लावून पाहणे अगत्याचे आहे.

हरिभाऊंचा जन्म खानदेशातील पारोळे येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकरांसारखे शिक्षक त्यांना लाभले. आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचे त्यांनी विद्यार्थिदशेतच विस्तृत परीक्षण केले. महाविद्यालयीन पदवी मात्र त्यांच्या हाती आली नाही. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाचा हा व्याप त्यांनी आयुष्यभर सांभाळला.

‘मधली स्थिती’ (१८८५) या पहिल्या कादंबरीवर रेनॉल्ड्सची छाया आहे. पुढची ‘गणपतराव’ अपुरी राहिली. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यांच्या लेखनाची गती प्रकरणागणिक छापखान्याशी बांधली गेली. शेवट लिहून होण्यापूर्वीच आरंभ वाचकांच्या हाती पडत असे. यमूची कहाणी याच पद्धतीने पूर्णत्वास गेली. ‘मी’मध्ये वैयक्तिक सुखाचा त्याग करून समाजकार्याला वाहून घेणारा भावानंद साकारला. ऐतिहासिक कादंबऱ्याही याच साप्ताहिकासाठी लिहिल्या जात होत्या. ‘सूर्योदय’नंतरची ‘सूर्यग्रहण’ मात्र अर्ध्यावर थांबली.

याच काळात पुणे नगरपालिकेचे काम त्यांच्याकडे होते व तिचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. विजयनगरच्या विनाशावरील ‘वज्राघात’ त्यांनी पूर्ण केली. सामाजिक कादंबरी ‘कर्मयोग’ मात्र अपुरीच राहिली. १९१७ मध्ये ‘करमणूक’ बंद पडले आणि ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊंचे निधन झाले.

या अपूर्णतेचे कारण केवळ कार्यबाहुल्यात शोधणे पुरेसे नाही. ‘वज्राघात’चा शेवट इतिहासानेच ठरवून दिलेला होता; विधवेचे दुःखही समाजाने अखेरपर्यंत नेलेले होते. परंतु ‘गणपतराव’ व ‘कर्मयोग’ यांतील सुशिक्षित तरुणाचे पुढे काय होते, याचे उत्तर त्या समाजातच अद्याप तयार झालेले नव्हते. भावानंदाच्या त्यागाने ते एकदा दिले गेले, तरी लेखक पुन्हा त्याच प्रश्नाकडे वळला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. म्हणून या अपुऱ्या कृती अभ्यासक्रमाबाहेर ठेवल्यास विद्यार्थ्यांना हरिभाऊंचे यश दिसेल. त्यांना अखेरपर्यंत सतावणारा प्रश्न दिसणार नाही.